नऊ महिन्यांचं पाणी

बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं, आणि पगारपत्रक त्या स्वतःच करायच्या. त्यामुळे ते नाव जगात त्यांना एकट्यांनाच माहीत आहे, असं कार्यालयातले लोक हसून म्हणत. बाकी सगळ्यांसाठी त्या पावतीबाई. आधी हे नाव पाठीमागे चालायचं. मग एकदा टपाल घेऊन आलेल्या माणसानं सरळ विचारलं, "पावतीबाई कुठं बसतात?" बाईंनी चष्म्यावरून बघत "इथं" म्हटलं आणि सहीसाठी हात पुढे केला. तेव्हापासून ते नाव तोंडावरही रुळलं.

टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांमध्ये ही संस्था होती. खालून दिवसभर हवा भरायच्या यंत्राची धापा टाकल्यासारखी धडधड यायची आणि रबराचा वास फायलींना कायमचा चिकटला होता. मधल्या खोलीत लोखंडी कपाटाला पाठ लावून बाईंचं टेबल. टेबलावर रबरी शिक्के ठेवायची घोडी, आणि तिच्यावर चार शिक्के. प्रत्येक देणगीदाराचा एक. बिल चुकतं झालं की त्यावर 'हा खर्च अमुक अनुदानातून' असा शिक्का पडायचा, म्हणजे तेच बिल उद्या दुसऱ्या देणगीदाराला दाखवायची सोय राहायची नाही. शिक्का मारताना बाई हात असा काही आपटायच्या की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

संचालकांना सगळे सर म्हणत. एकदा सर देणगीदारांच्या बैठकीला टॅक्सीनं गेले आणि पावती हरवून आले. बाईंनी बिल परत केलं.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही, बाई?"

"तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन, सर. ऑडिटर ठेवणार नाही."

सरांनी ते पैसे खिशातून भरले आणि पुढच्या बैठकीत हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला. बाईंचा नवरा शिंपी होता, चौकात त्याचं दोन यंत्रांचं दुकान. तो म्हणायचा, "घरातही हेच. भाजीच्या पैशातून मला दोऱ्याचं रीळ आणायची परवानगी नाही. लेखी अर्ज लागतो."

या काटेकोरपणाला एक कारण होतं. लग्नाआधी बाई एका लाकडाच्या वखारीत कारकुनीला होत्या. तिथं हिशेबाच्या वह्यांचे दोन संच असायचे. वखारीवर छापा पडला तेव्हा मालक बाहेरच राहिला, आणि वहीत ज्याचं अक्षर होतं तो म्हातारा कारकून आत गेला. तो बाईंच्या समोरच्याच टेबलावर बसायचा. त्याला नेताना त्यानं पेनाचं टोपण शोधलं, लावलं, आणि मग उठला. त्या वेळी बाई एकवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर ज्या कागदाचा मागचापुढचा पत्ता लागत नाही, त्यावर त्यांची सही कधी पडली नाही.

संस्थेचं मोठं काम पाण्याचं होतं. शहरापासून दोन तासांवर एक पट्टा आहे, तिथल्या जमिनीतच विष आहे. विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ, चवीला गोड, आणि त्यात आर्सेनिक. पिणाऱ्याला दहा-पंधरा वर्षं काही कळत नाही. मग तळहातावर बारीक कठीण ठिपके येतात, पुढे नको त्या गाठी. देणगीदार न्यासाच्या पैशांतून संस्थेनं तिथं बारा पाणीकेंद्रं उभारली होती. प्रत्येक केंद्रात एक उंच टाकी, टाकीत लालसर दाणे. पाणी दाण्यांमधून उतरलं की विष दाण्यांना धरून राहायचं. पण दाण्यांची ताकद संपते. लोक म्हणत, दाणे मेले. आणि दाणे मेले तरी पाणी पहिल्यासारखंच निघतं, तसंच नितळ, तसंच गोड. डोळ्यांना, जिभेला काही कळायचा मार्ग नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी बाराही केंद्रांच्या बाटल्या प्रयोगशाळेत जायला हव्यात, ही अनुदानाची पहिली अट होती. त्यासाठी पैसे वेगळे बांधून दिलेले. तपासणीचा पैसा तपासणीलाच. दुसरीकडे हलवायचा तर न्यासाची लेखी परवानगी हवी.

या केंद्रांवर देखरेखीला बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. तो त्याच पट्ट्यात जन्मलेला, तिथली प्रत्येक वाट आणि प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं. बाईंनीच त्याला चिकटवला होता. मुलाखतीच्या दिवशी त्या मुद्दाम रजेवर राहिल्या, उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून.

मग केंद्रांचं तिसरं वर्ष आलं, आणि त्या वर्षी न्यासाचा हप्ता अडकला. कोणत्या माणसानं कोणत्या कामावर किती तास घालवले याची नोंद रोजच्या रोज लिहायची, असा न्यासाचा नियम. बाराही केंद्रांवरच्या माणसांनी दोन महिने काही लिहिलंच नव्हतं. शेवटी सगळ्यांनी एका दुपारी बसून साठ दिवसांचे तक्ते एकाच शाईनं भरून आणले. बाईंनी ते गठ्ठ्यानं परत पाठवले. "हे मी न्यासाला पाठवणार नाही. वाहनाच्या नोंदी बघा, हजेरीपट बघा, खरं काय ते जुळवून आणा." जुळवाजुळवीत सात आठवडे गेले, न्यासाची बैठक चुकली, आणि हप्ता पाच महिने लांबला. दुसऱ्या महिन्यात पगाराला पैसे उरले नाहीत.

तेव्हा सर एका सकाळी कापडी पिशवी घेऊन आले आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. "बायकोचे दागिने मोडले," ते म्हणाले. "माणसं उपाशी ठेवायची नाहीत. संचालकांकडून हातउसने म्हणून लिहा." पुढचे तीन महिनेही अशीच पिशवी आली. बाईंनी प्रत्येक वेळी पैसे मोजले, पावती फाडली आणि सरांच्या हातात दिली. पहिली पिशवी आली त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "माणूस आहे हो. असा माणूस शोधून सापडायचा नाही." शिंप्यानं दात आणि ओठांमध्ये टाचण्या धरल्या होत्या, म्हणून तो नुसतं हुंकारला.

वर्ष संपलं. न्यासाचा अधिकारी तीन आठवड्यांनी पाहणीला येणार असं पत्र आलं. पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले, असं प्रमाणपत्र त्याच्या हाती द्यायचं होतं. त्यावर सरांची सही आणि हिशेबनीस म्हणून बाईंची. बाईंनी कपाट उघडलं आणि फायली लावायला घेतल्या. तपासणीच्या फायलीत सगळं ठाकठीक होतं. शेवटच्या तीन तिमाह्यांची तीन बिलं, प्रत्येकाला बारा अहवाल जोडलेले, प्रत्येक अहवालावर 'पिण्यास योग्य', खाली देखरेख करणाऱ्याची सही. मग सवयीनं त्यांनी प्रवासखर्चाची फाईल शेजारी ठेवली.

बर्फाचं बिल नव्हतं.

पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक तपासणीमागे किरकोळ कागदांचं एक शेपूट असायचं: गाडीचं भाडं, रस्त्याचा टोल, दोन माणसांचं जेवण, आणि बाटल्या थंड ठेवायला दोन लाद्या बर्फ. या बर्फाच्या चिठोऱ्यावरून बाईंनी एकदा मेहुण्याशी वाद घातला होता, बर्फवाल्यानं तारीख घातली नव्हती म्हणून. आता नऊ महिन्यांत बर्फ नाही, टोल नाही, गाडी नाही. बाराही केंद्रांचं पाणी चालत प्रयोगशाळेत गेलं होतं काय?

त्यांनी बिलं पुन्हा बघितली. या वेळी क्रमांक बघितले. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. दोन बिलांमध्ये तीन-तीन महिन्यांचं अंतर, आणि मध्ये एकही दुसरं बिल नाही. म्हणजे या प्रयोगशाळेकडे इतक्या महिन्यांत दुसरं गिऱ्हाईकच फिरकलं नव्हतं. प्रयोगशाळाही पहिल्या दोन वर्षांतली नव्हतीच. ही बिलं बाईंच्याच हाताखालून गेली होती. प्रत्येक बिल एकेकटं बघितलं तर बिनचूक होतं, आणि खाली सही घरच्या माणसाची. आपल्या माणसाची सही दिसली आणि नजर पुढे सरकली. दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी ते बिल उलटंपालटं करून, उन्हात धरून बघितलं असतं.

दुपारच्या सुट्टीत त्या बिलावरच्या पत्त्यावर गेल्या. गल्लीत एक छापखाना होता, तीन पायऱ्या उतरून. आतला माणूस व्हिजिटिंग कार्डांची चळत कापत होता.

"इथं पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे ना?"

तो हसला. "इथं? इथं माझंच पाणी शेजारून आणतो मी." मग बाईंच्या हातातला कागद बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं. "तुम्ही संस्थेतल्या का? सरांचे मित्र आहोत आम्ही. ते म्हणाले, कागदावर पत्ता राहू दे, चेक येईल तो वटवून पैसे परत दे. समाजाचं काम आहे म्हणाले. मी एक पैसा घेतला नाही त्यातला." आणि बाई पायऱ्या चढू लागल्यावर मागून म्हणाला, "काही गडबड नाही ना?"

बाईंनी कार्यालयात चकार शब्द काढला नाही. कागद हातात नसताना बोलायची त्यांची रीत नव्हती. रविवारी त्यांनी शिंप्याला दुकान बंद ठेवायला लावलं. दोघं बसनं त्या पट्ट्यात गेली. बर्फाची पेटी शिंप्याच्या मांडीवर. तीन केंद्रांच्या तपासणीपुरतेच पैसे होते, म्हणून सगळ्यात जास्त वापराची तीन निवडली. तिसरं केंद्र शाळेच्या आवारात होतं. सुट्टी असूनही चार-पाच मुली नळाचा लोखंडी दांडा ओढून ओंजळीनं पाणी पीत होत्या. त्यातल्या एकीनं बाईंची बाटली भरून दिली. झाकण घट्ट लावून दिलं आणि विचारलं, "घरी नेताय?"

"हो," बाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी पेटी सरकारी प्रयोगशाळेत पोचली. आठ दिवसांनी अहवाल मिळेल असं सांगितलं. ते आठ दिवस बाई रोज दहाच्या ठोक्याला टेबलावर बसल्या, शिक्के मारले, सरांशी बोलल्या. रोज साडेदहाला त्यांच्या मनात यायचं, आता शाळेची पहिली सुट्टी झाली असेल. एकदा त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. पुरावा नसताना केंद्र बंद पाडलं आणि पाणी चांगलं निघालं तर? सगळी माणसं हसतील, आणि खरं बोलायची वेळ येईल तेव्हा कोणी ऐकणार नाही. हा विचार चुकीचा नव्हता. पण पुढे कित्येक महिने बाई तो मनात घोळवत राहिल्या आणि त्यांना तो बरोबरही वाटला नाही.

अहवाल आला. दहापर्यंतचा आकडा सुरक्षित असतो. पहिल्या केंद्राचा सहा होता. दुसऱ्याचा चौदा, काठावरचा. शाळेचा दोनशे बारा.

बाई कागद घेऊन सरळ सरांच्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. सरांनी आकडा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?"

"कोणी नाही. दागिने मोडले म्हणालात, सर."

सरांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. खालून हवेच्या यंत्राची धडधड येत होती. "बायकोचे दागिने तर संस्था काढली तेव्हाच गेले, बाई. घरात मोडण्यासारखं काही उरलेलंच नाही."

"म्हणजे पिशवीतले पैसे तपासणीचे होते."

"तपासणीचे. चौतीस माणसांचे पगार झाले त्यातून. तुमचाही." ते चिडून बोलत नव्हते, म्हणून ऐकणं जास्त अवघड जात होतं. "मी घरी एक दमडी नेलेली नाही. आणि हप्ता कशामुळे लांबला, ते तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा तुम्हाला एक शब्द बोललो नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. आत आल्यापासून त्या उभ्याच होत्या.

"न्यासाला विचारायचं होतं. लेखी."

"विचारलं असतं तर तीन महिने उत्तर आलं नसतं. दाणे पाच वर्षं टिकतात असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तिसरंच वर्ष चालू होतं. मी म्हटलं, एक-दोन तपासण्या चुकल्या तर काय बिघडतं? हप्ता आला की सगळं सरळ करू. हप्ता आला तोवर उधाऱ्याच इतक्या साचल्या होत्या. एकदा खोटं बिल लावलं की दुसरं लावावंच लागतं." त्यांनी प्रमाणपत्राचा मसुदा पुढे सरकवला. "परवा न्यासाचा माणूस येतोय. एवढी एक सही करा. पुढच्या हप्त्यात पहिलं काम शाळेचे दाणे. मी शब्द देतो."

"माझी सही होणार नाही, सर."

"मग दुसऱ्या कोणाची तरी करून घ्यावी लागेल."

"घ्या. पण आधी शाळेचा नळ बंद करा. मग माझं काय करायचं ते करा."

"परवा त्याला शाळेतच न्यायचंय, बाई. नळ बंद दिसला तर—"

बाईंनी सरांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि मेहुण्याचा नंबर फिरवला. सरांनी हात पुढे केला, पण फोनपर्यंत नेला नाही.

"शाळेच्या नळाचा दांडा काढून घ्या. आत्ता," बाई म्हणाल्या.

"ताई, काय झालं? पाणी झकास येतंय. मी स्वतः रोज तेच पितो."

बाईंनी आकडा वाचून दाखवला. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सर म्हणाले होते, नुसत्या कागदाचा प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो कार्यालयात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी दांडा त्यानं बाईंच्या टेबलावर ठेवला. ठेवताना त्याचा हात दिव्याखाली आला. तळहातावर बाजरीच्या दाण्यांएवढे कठीण ठिपके होते, बोटांच्या पेरांपर्यंत गेलेले. बाईंनी बघितलं हे त्यानं बघितलं. हात खिशात घालून तो म्हणाला, "हे जुनं आहे. लहानपणी आम्ही विहिरीचंच प्यायलो ना." आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बहीण घरी आली. दारातच चप्पल काढायची राहिली तिची. शिंपी चहा टाकतो म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"ताई, तू उद्या काय सांगणार आहेस त्या माणसाला?"

"जे आहे ते."

"त्या अहवालांवर सह्या कोणाच्या आहेत ते माहितीय ना तुला? छत्तीस सह्या. सरांची एकही नाही. तूच सांगायचीस, ज्याचं अक्षर तो आत जातो. आता माझ्या नवऱ्याला आत घालतेस?"

"त्यांनी सह्या करायला नको होत्या."

"करायला नको होत्या, मला कळत नाही का? पण साहेबानं समोर कागद ठेवला आणि घरचा पगार त्या सहीवर अडला असेल, तर कोण नाही म्हणतं? तू म्हणतेस. तू एकटीच." ती रडत नव्हती. आवाजही चढलेला नव्हता. "नळ बंद झाला ना? झाला. आता कोणी ते पाणी पीत नाही. मग उरलं काय? कागद. एका कागदासाठी तू घर मोडशील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाई म्हणाल्या, "बारा केंद्रं आहेत गं. मी तीनच तपासली. उरलेल्या नऊचं कोणाला काय माहीत?"

धाकटीनं त्यांच्याकडे बघितलं, जणू ही नवी बाई कोण हे ओळखायचा प्रयत्न करतेय. मग निघून गेली. चहा तिघांसाठी केला होता.

न्यासाकडून आली ती तिशीतली एक अधिकारी होती, पाठीवर बॅग, हातात लॅपटॉप. सरांनी तिचं स्वागत केलं, बाईंची ओळख करून दिली, आणि मग स्वतःच म्हणाले, "यांना तुमच्याशी काही बोलायचंय." ते बाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. बाईंनी दोन फायली आणि अहवाल समोर ठेवला. बोलायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यात त्यांनी तक्ते परत पाठवल्याचंही सांगितलं, आणि ते आठ दिवसही.

"हे तुम्ही लेखी द्याल?" अधिकारी म्हणाली.

"लेखीच आणलंय."

तिनं पत्र वाचलं, दोनदा, आणि लॅपटॉप उघडला. संध्याकाळपर्यंत संस्थेचं खातं गोठवलं गेलं होतं. बाईंना हे अपेक्षित होतं. पण एक गोष्ट आधी त्यांच्या ध्यानात आली नव्हती, ती अधिकारी निघाली तेव्हा त्यांनी तिला विचारली.

"शाळेचे दाणे बदलायचे आहेत. आणि नऊ केंद्रांची तपासणी. तेवढे पैसे खात्यात आहेत. तेवढे तरी काढता येतील ना?"

"गोठवलेल्या खात्यातून खर्च करता येत नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं. "नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत."

पुढचं सगळं भराभर झालं आणि त्याच वेळी फार सावकाश. न्यासानं पैसे परत मागितले. ते परत करायला संस्थेचं सामान विकलं गेलं. कपाट गेलं, टेबल गेलं, गाडी गेली. चौतीस माणसं घरी बसली. काहींनी बाईंना रस्त्यात बघून वाट बदलली. सरांवर खटला उभा राहिला. पहिल्याच जबाबात त्यांनी सह्या आपण दबाव टाकून घेतल्या असं लिहून दिलं, त्यामुळे मेहुणा साक्षीदार म्हणून सुटला. एकदा सर बाईंना औषधाच्या दुकानात भेटले. वाळले होते. त्यांनी शिंप्याची चौकशी केली, मग म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, बाई. पण माझ्यानं मनापासून म्हणवत नाही." बाईंनी दुकानदाराकडून औषधाची पावती मागून घेतली.

धाकटी पाच महिने बोलली नाही. मग एका सकाळी तिचा फोन आला. नवऱ्याच्या हाताला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. तिघं मिळून मोठ्या रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी तळहात बघितले, पावलं बघितली, एक छोटा तुकडा तपासायला काढला. कर्करोगाची सुरुवात निघाली. वेळेत आलात, कापून काढू, ते म्हणाले, पण आता आयुष्यभर नजर ठेवावी लागेल.

"या नऊ महिन्यांमुळे झालं का हे?" टाकीची आणि शाळेच्या नळाची हकीकत सांगून बाईंनी विचारलं. मेहुणा टेबलावर आडवा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

"याला वीस-तीस वर्षं लागतात," डॉक्टर म्हणाले. "लहानपणचं पाणी असणार. नऊ महिन्यांनी त्यात किती भर घातली, ते कोणीच सांगू शकणार नाही. शाळेतल्या मुलांचंही विचारू नका. वीस वर्षांनी बघायचं."

बाहेर बाकावर धाकटीनं बाईंचा हात धरला आणि सोडला नाही. माफी कोणी मागितली नाही.

आता बाई घरी बसून चार-पाच दुकानांचे हिशेब लिहितात. केंद्रांची मालकी कोणाची याचा निकाल लागलेला नाही. न्यास म्हणतो संस्थेची, संस्था उरलेली नाही, आणि पाणीखातं म्हणतं की कागद मिळाल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं नळाला साखळी बांधली आहे. पण तपासणी न झालेल्या नळांचे दांडे लोकांनी काढू दिले नाहीत. दुसरं पाणी आहे कुठं? विहिरीत विष आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. टाकीत आहे की नाही, ते माहीत नाही. माहीत नसलेलं पाणी त्यांना बरं वाटतं.

म्हणून दर महिन्याला, दुकानदारांचे पैसे आले की, बाई आणि शिंपी पेटी घेऊन बसमध्ये चढतात. एका महिन्याला एक केंद्र, तेवढंच परवडतं. पहिली तीन सुरुवातीलाच झाली होती. त्यानंतरच्या चारांपैकी दोन चांगली निघाली, एक काठावर, आणि एक एकशे साठ. त्या एकशे साठवाल्या केंद्राचा दांडा मेहुण्यानं बँडेज बांधलेल्या हातानं काढला, आणि लोकांनी त्याला शिव्या दिल्या.

गेल्या रविवारी आठव्या केंद्रावर बाई बाटली भरत होत्या. एक तरुण बाई कडेवर बाळ आणि हातात हंडा घेऊन आली. थांबून सगळं बघत राहिली.

"तुम्ही त्या तपासणीवाल्या ना?" ती म्हणाली. "मग हे पाणी प्यावं का आम्ही?"

बाईंनी बाटलीवर तारीख घातली, केंद्राचा क्रमांक घातला. "आठ-दहा दिवसांनी कळेल."

"आणि तोवर?"

बाई शिंप्याकडे बघू लागल्या. शिंपी पेटीतला बर्फ सारखा करत होता, त्यानं मान वर केली नाही.

मग तिनं हंडा नळाखाली ठेवला, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दांडा ओढला. पाणी जोरात आलं, एकदम स्वच्छ.